न चोळल्याचा नारळ

चामटोलीत कुणाचा पाय मुरगळला की तो आधी गयाबाईकडे जातो. सत्तरी ओलांडलेली ही बाई अख्ख्या गावाची मावशी. कोमट तेलाने ती असं चोळते की लंगडत आलेला माणूस नीट चालत घरी जातो. माझा घोटा तिने दोनदा जागेवर आणला आहे. पैसे ती घेत नाही. तिच्यापुढे नारळ ठेवायचा. तिने तो देव्हाऱ्यात ठेवला की काम हाती घेतलं असं समजायचं.

दोन वर्षांपूर्वी आमची शेजारीण विठा आपल्या चौदा वर्षांच्या लेकीला, तेजलला घेऊन तिच्याकडे आली, तेव्हा मीही तिथे होतो. तेजल कबड्डी खेळायची. महिनाभर गुडघ्याच्या वर दुखत होतं. खेळताना पडली असेल, असं विठाचं म्हणणं. मावशीने नारळ देव्हाऱ्यात ठेवला, तेल घेतलं. तिचा हात मांडीवरून खाली आला आणि थांबला. बसल्या जागीही ठणकतं का, झोपमोड होते का, असं तिने विचारलं. पोरीने मान डोलावली.

मावशीने हात पुसले आणि नारळ विठाच्या हातात परत दिला.

"ही सूज चोळायची नाय. आधी फोटो काढा."

नारळ परत येणं म्हणजे अपमानच. विठा म्हणाली, "मावशी, म्हातारपणी घाबरायला लागलीस काय?"

"घाबरले. उद्या मीपण येते."

उल्हासनगरला कॅम्प दोन या भागात एक्स-रे काढला. गुडघ्याच्या वर हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसली. मग एमआरआय, छातीचा सीटी आणि शेवटी सुईने काढलेल्या हाडाच्या तुकड्याची तपासणी. सगळी पाकिटं तारखेप्रमाणे लावायचं काम माझ्याकडे होतं. निदान आलं: हाडाचा कॅन्सर, पण छातीपर्यंत गेलेला नव्हता. चोळल्याने आजार पसरण्याची भीती असते, चोळलं नाही हे फार बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले. विठाने मावशीचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

केमो झाली, केस गेले, रोगट हाड काढून धातूचं बसवलं. कबड्डी सुटली, पाय वाचला.

गेल्या महिन्यात तेजल काठीशिवाय मावशीच्या दारात आली. हातात नारळ होता.

"तुझा पाय मी चोळणार नाय हां, आधीच सांगते," मावशी म्हणाली.

"चोळायला कोण आलंय? हा न चोळल्याचा आहे."

मावशीने नारळ पदराने पुसला आणि देव्हाऱ्यात ठेवला.