बाबांच्या स्कॅनमधले दोन ठिपके

"स्कॅन क्लिअर आहे" असं मी बाबांना धडधडीत खोटं सांगितलं होतं.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

बाबा अंबरनाथला कारखान्यात टर्नर होते. रिटायर झाल्यावरही आमच्या बुवापाड्यात कुणाचा नळ, कुणाचं शिलाई मशीन दुरुस्त करत फिरायचे.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली होती. मग रक्ततपासणीत पीएसए वाढायला लागला, म्हणून पेट स्कॅन केला.

रिपोर्ट दाखवायला मी एकटाच गेलो.

"कॅन्सर परत आलाय," डॉक्टर म्हणाले. "पण दोनच ठिपके आहेत. एक कमरेच्या हाडात, एक पोटातल्या गाठीत. नेमकं तेवढ्यावरच रेडिएशन देऊ. पाच सिटिंग. मुळापासून जाईल अशी गॅरंटी नाही, पण वेळ मिळू शकतो."

मी फक्त 'रेडिएशन' ऐकलं.

आईला गळ्याच्या कॅन्सरसाठी दिलं होतं. वीस वर्षं झाली. शेवटी तिला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं.

आताचं तसं नसतं, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. मला पटलंही.

तरी घरी येऊन म्हणालो, "सगळं क्लिअर."

"बघ, म्हटलं नव्हतं?" बाबा एवढे खूश, की संध्याकाळी जिलेबी घेऊन बदलापूरला ताईकडे गेले.

पुढच्या आठवड्यात सांगू, पुढच्या आठवड्यात सांगू, असं करत सात महिने गेले.

मग त्यांना पाठ टेकवेना. नवीन स्कॅनमध्ये ठिपके मोजण्यापलीकडे.

"आता नेमकं रेडिएशन देऊन उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले.

बाबा समोरच होते. "आता म्हणजे? आधी होता?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. बाबा बाहेर बघतच म्हणाले,

"मला विचारायचंस ना रे."

बस. एवढंच.

घरी ताई येऊन बसली होती. डॉक्टर 'आता उपयोग नाही' म्हणाले हे ऐकून तिने विचारलं, "वेळेवर ट्रीटमेंट का नाही घेतली?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मीच नको म्हटलं. क्लिअर आहे म्हणून तुलाही खोटंच सांगितलं. हा बिचारा मागे लागला होता."

आणि मी ते चालवून घेतलं.

ते गेल्यावरही. दहाव्याला, तेराव्याला सगळे म्हणत होते, "हट्टी माणूस." मी मान हलवत होतो.

आज सकाळी ताईला फोन करून खरं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

आता तुम्हालाही सांगतोय. माझे बाबा हट्टी नव्हते.

त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

बाबा, नमस्कार.