छापखान्यातली प्रतिष्ठित महिला

आता तुमच्यापासून काय लपवायचं! अख्ख्या भिवंडीत स्वतःची शोभा स्वतःच करून घेणारी मी एकटीच असेन.

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या लेकीचं, सुलभाचं लग्न मानकोलीच्या एका घरात जमत आलं होतं. मुलाचे वडील आमच्या भिवंडीचं साप्ताहिक पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचणारे. आणि त्याच साप्ताहिकात आमच्या चाळीतल्या तरेंच्या सत्यनारायणाची बातमी आली, ‘कामतघरचे प्रतिष्ठित नागरिक श्री. तरे’. त्याखाली आमच्या पूजेची. ‘कामतघरचे श्री. पाटील’. बस्स!

तरे प्रतिष्ठित? नळावर रांग मोडून हंडा लावणारा माणूस! आणि आमचे हे वीस वर्षं लूमच्या कारखान्यात मुकादम, ते नुसतेच श्री.? मानकोलीवाले काय म्हणतील?

तडक नारपोलीचा छापखाना गाठला. संपादक स्वतःच छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत बसलेले.

“काकू, तो शब्द आम्ही कुणालाही लावतो हो! लग्न असलं की प्रतिष्ठित, मेला की प्रतिष्ठित. जुगाराच्या अड्ड्यावर सापडला आणि नाव छापायची भीती वाटली, की ‘एक प्रतिष्ठित इसम’!”

“मग आमच्याच वेळी काय खिळे संपले?”

“जागा संपली.”

“तरेंना बरी पुरली ती!”

तासभर भांडले. टेबलावर हात आपटला, तर जुळवलेलं अर्धं पान जमिनीवर सांडलं! तरी “पुढच्या अंकात बघतो” असं वदवून घेऊनच उठले.

अंक आला. तव्यावर भाकरी, उभ्याउभ्याच वाचलं: ‘कामतघर येथील एका प्रतिष्ठित महिलेने नुकतीच आमच्या कार्यालयास भेट दिली.’

अहो, ह्यांना नव्हे, चक्क मला! पुढचं कोण वाचतंय? ह्यांना एक अंक देऊन मानकोलीला पिटाळलं. “नाव नाही घातलं, पण ती आमचीच ही, असं ठासून सांगा!” दुसरा अंक घेऊन मी चाळीत निघाले. दारोदार. “ही महिला म्हणजे मी बरं का!”

सातवं दार तरेवहिनींचं. त्यांनी चष्मा लावला.

“अगो, पुढं वाचलंस का न्हाय?”

आणि खणखणीत आवाजात वाचायला लागल्या: ‘सदर महिलेने तासभर आरडाओरडा करून जुळवलेले पान उधळले, सबब हा अंक दोन दिवस उशिरा निघत आहे. घराण्याच्या अब्रूखातर नाव देत नाही.’

त्या बिचाऱ्याने नाव झाकलं होतं हो! ते उघडं करायला मीच दारोदार हिंडले, आणि नवऱ्याला वेशीपलीकडे धाडलं!

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील हजर. अंक खिशात. सुलभा आत पदर डोळ्यांना लावून बसलेली.

“पोरगी आमाला पसंत हाय,” ते म्हणाले. “पन लग्नाची बातमी आमी देऊ. तुमी त्या छापखान्याची पायरी चढायची न्हाय.”

सात दारं बोलत हिंडलेली मी, आयुष्यात पहिल्यांदा नुसतं “बरं” म्हणाले.