धोंड्याच्या महिन्यातला गवई जावई

बाबा गाता गाता मध्येच का थांबतात, असं तू या आजीला परवा व्हिडिओ कॉलवर विचारलंस, आणि तुझ्या आईने लगेच विषय बदलला. म्हणून उत्तर लिहून ठेवते आहे. आई वाचून दाखवील. नाही दाखवलं, तर मोठे झाल्यावर तू आणि तुझा भाऊ वाचा.

बाबांचा पहिला बँड शाळेतल्या मित्रांचा होता. आयर्लंडमधल्या त्यांच्या लहानशा गावातच तो सुरू झाला. दोन रेकॉर्ड निघाल्या, बऱ्यापैकी नाव झालं आणि बँड मोडला. दुसऱ्या बँडमध्ये ते मागे उभं राहून दुसऱ्याच्या गाण्यांवर गिटार वाजवत. स्वतः तोंड उघडत नसत. तोही सुटला. मग घरातल्या एका खोलीत एकट्याने गाणी रेकॉर्ड करू लागले. तुझ्या आईशी लग्न झालं ते याच काळात. तुझे आजोबा विचारत, "यांचं परमनंट असं काय आहे?" तुझी आई म्हणे, "मी!"

तुझ्या जन्मानंतरच्या वर्षी अधिक महिना आला. आपल्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलावून जेवू घालायचं, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. तुम्ही नगरला आमच्याकडे आलात. तू नुकती चालायला लागली होतीस, आणि तुझा भाऊ आईच्या पोटात होता. आल्या दिवशीच तुझ्या आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्याला त्याच्या गावात एकट्याचा कार्यक्रम मिळालाय. रविवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. तू काही सुचवू नकोस. मला तो कार्यक्रम नको आहे. झाला की पुन्हा दौरे, पुन्हा मी एकटी. आता दोन मुलं होणार, आई."

धोंड्याचं जेवण नेमकं त्याच रविवारी दुपारी होतं. सोनईहून माझी जाऊ आली होती, शेजारच्या बायका होत्या. औक्षण झालं, आणि आता जावयाने उखाण्यात बायकोचं नाव घ्यावं असा गलका सुरू झाला. बाबांनी तुझ्या आईच्या मदतीने उखाणा रचून पाठ केला होता. पाटावर ताठ बसून त्यांनी सुरुवात केली, "आयर्लंडच्या पावसात उडाली माझी छत्री..."

सगळ्या खिदळल्या. पुढे नाव घ्यायचं, तिथे ते थांबले. आपल्याकडे उखाण्यात कुणी अडलं की बायका अडू देत नाहीत. मागून चार-पाच जणींनी एकदम तुझ्या आईचं नाव ठोकून दिलं. बाबांचा चेहरा उतरला. ते पाटावरून उठले आणि सरळ मागच्या ओट्यावर गेले.

"अहो जावईबापू, पळता कुठं?" शेजारीण ओरडली. "नाव घेतल्याबिगर अनारसा न्हाई!"

"गवई हाय म्हनं," माझी जाऊ म्हणाली, "अन् दोन ओळी येईनात व्हय? लई महागाचा गवई केला गं तुझ्या लेकीनं!"

मी त्यांच्यामागे ओट्यावर गेले. आमचं काही चुकलं का, म्हणून विचारलं. ते नाही म्हणाले, आणि मग इंग्रजीत (मी आयुष्यभर कॉलेजात तेच शिकवलं), अगदी हळू आवाजात सांगू लागले. पहिल्या बँडमध्ये ते ओळ विसरले की बाजूचा मित्र ती उचलायचा. आधी गंमत वाटे. पुढे तो यांच्या विसरण्याची वाटसुद्धा पाहीनासा झाला. एका कार्यक्रमात त्यांनी तोंड उघडलं, तर त्यांचीच ओळ तो आधीच गात होता. त्यांनी गिटार खाली ठेवली. बँड मोडला तो असा.

"आता बाजूला कुणीच नसतं," ते म्हणाले. "पण मी अजून त्याच जागांवर थांबतो. तो ओळ घेईल म्हणून."

"मग नाही म्हणून कळवा."

"नाही म्हटलं, तर यापुढे मी कधीच एकटा उभा राहणार नाही."

तेवढ्यात तुझी आई दारात आली. "काय ठरलं?" असं तिने मला विचारलं, त्यांना नाही. बाबांनी फोन काढला, तिच्यादेखत 'हो' लिहिलं आणि पाठवून दिलं. ती आत जाऊन बायकांना भात वाढू लागली.

कार्यक्रम तुझा भाऊ जन्मल्यावर झाला. तुझ्या आईने पहिल्या रांगेतून फोनवर मला दाखवला. पहिलं गाणं छान झालं. दुसऱ्यात बाबा थांबले. समोर लोक, बाजूला रिकामी जागा, आणि ते तसेच उभे. तेवढ्यात चित्र हललं आणि फोन बंद झाला.

त्यांनी ते गाणं पूर्ण केलं, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच कळलं. पुढचीही सगळी गायली. तुझ्या आईने मात्र ती ऐकली नाहीत. ती तुम्हा दोघांना घेऊन बाहेर पडली होती. तुझा भाऊ रडायला लागला होता, असं ती सांगते. तो खरंच रडत होता का, हे मी आजवर तिला विचारलेलं नाही, आणि मला वाटतं, बाबांनीही नाही.