कुत्रीची गादी

मूल या तालुक्याच्या गावी मी भाड्याने राहत होतो त्या खोलीच्या खिडकीसमोरच एका पिंजाऱ्याचे अंगण होते. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षे. मी तेव्हा एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. लिहायला खिडकीशी बसावे लागे, त्यामुळे समोर चाललेले सगळे आपोआप दिसे.

पिंजारी साठीचा होता, त्याची बायको थोडी लहान. गल्लीत सगळे त्यांना चाचा आणि चाची म्हणत. दिवाळी उलटली की दोघे दक्षिणेला जायच्या तयारीला लागत. थंडीचे तीन महिने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत राहायचे, आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत गावोगाव गाद्या-रजया पिंजून द्यायच्या आणि होळीच्या आत परत यायचे, असा त्यांचा बरीच वर्षे क्रम होता. मूलमध्ये पिंजाऱ्यांची दुकाने झाली होती, तिकडच्या जंगलातल्या गावांत नव्हती. लोक वर्षभर दबून कडक झालेल्या गाद्या चाचासाठी ठेवून देत. तिकडे विजेचा भरवसा नसे, पण चाचाला तिची गरजही नव्हती. पिंजायचे मशीन ट्रॉलीत पक्के बसवलेले होते. गावात पोचल्यावर ट्रॅक्टर सोडवायचा, तोंड फिरवून उभा करायचा आणि त्याच्या पुलीवरून मशीनला पट्टा चढवायचा, की मशीन सुरू.

तयारी आठवडाभर चाले. ट्रॉलीवर बांबूच्या कमानी, त्यावर दुहेरी ताडपत्री. भांडी आकड्यांना टांगलेली, दर दोन भांड्यांमध्ये चिंधी, म्हणजे वाटेत खणखण नको. नमाजाची चटई स्वच्छ कापडात गुंडाळून सगळ्यांत वर, तिला दुसरे काही टेकणार नाही अशी. जे आधी लागणार ते शेवटी चढे. चाची खालून वस्तू देई, चाचा वर लावी आणि एकदा ठेवलेली वस्तू पुन्हा हलवावी लागत नसे. मी बातमीदारीत मंत्र्यांच्या दौऱ्यांची तयारी पुष्कळ पाहिली. इतकी नेटकी तयारी पाहिली नाही.

मागच्या फाळक्याजवळची जागा कुत्रीची. तांबूस, एका कानाला चीर गेलेली ही कुत्री घरात कधी येत नसे. पावसाळ्यात अंगणात राही आणि हिवाळ्यात ट्रॉलीत. गावी पोचल्यावर चाचा मशीनच्या आवाजात आणि धुळीत बुडालेला असे आणि चाची घरोघर टाके घालायला जाई. ट्रॉलीत लोकांच्या गाद्या पडलेल्या असत आणि त्यांची राखण ही एकटी करी. चाचीने सांगूनच ठेवले होते, “कुत्री नाई तर मी नाई. लोकाइच्या वस्तू कोनाच्या भरोशावर सोडू?”

एका वर्षी निघायच्या आदल्या दिवशी चाचाची नजर कुत्रीच्या गादीवर गेली. उरल्यासुरल्या कापसाची, पोत्याच्या खोळीची ही गादी दगडासारखी झाली होती. अशी गादी आपल्या ट्रॉलीत असणे त्याला सहन होईना. त्याने ती उसवली, कापूस मशीनवर पिंजला, नव्या खोळीत भरला आणि टाके घातले. जुनी खोळ चुलीत गेली. गादी चांगली वीतभर फुगली.

सकाळी उरलेले सामान चढले, ट्रॅक्टर जोडला. कुत्री फाळक्यावर पाय ठेवून वर आली, गादी हुंगली आणि खाली उतरली.

“काऊन वं? चढ न,” चाचा म्हणाला.

ती चढली नाही. भाकरी दाखवली, ती तिने खाली उभी राहूनच खाल्ली. चाचाने तिला उचलून गादीवर ठेवले, तर पलीकडून उडी मारून पळाली. दुपार झाली. दुसरा दिवसही असाच गेला. आलापल्लीचा बाजार गाठायचा होता, तो आता गाठता येणार नव्हता. भरलेली ट्रॉली अंगणात तशीच उभी होती आणि चाची तिच्या सावलीत बसून होती.

“एवढी मऊ गादी केली, नवाबीन झोपन अशी,” चाचा मला म्हणाला. “अन् हे पाय लावून नाई राह्यली.”

तिसऱ्या दिवशी सकाळी चाची कुत्रीच्या मागे गेली, कारण जेवल्यावर ती कुठे जाते हे कोणालाच माहीत नव्हते. थोड्या वेळाने तिने हाक मारली. चाचा आणि मी गेलो. अंगणाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमागे पिंजताना पडलेल्या कचऱ्याचा ढीग होता. धूळ, सरकीची टरफले, तुटके तंतू. चाचा तो नंतर खड्ड्यात पुरत असे. त्या ढिगात, नाक आत खुपसून, कुत्री झोपली होती. तिच्या गादीतून निघालेला कचरा वरच होता, तिच्याच केसांनी तांबूस झालेला.

इथे चाचाची एक रीत सांगायला हवी. पिंजल्यावर निघालेला कचरा तो फडक्यावर घेऊन गिऱ्हाइकाला दाखवी आणि मगच फेकी. गादीत कचरा भरणारा पिंजारी म्हणणे, ही त्यांच्या धंद्यातली सगळ्यांत मोठी शिवी.

चाचीने त्याच्याकडे पाहिले. “हर गिऱ्हाइकाले कचरा दाखवून फेकते न तुमी? हिले दाखवला होता का?”

चाचा उकिडवा बसला. मूठभर कचरा उचलून त्याने नाकाशी नेला. मग फडके पसरले आणि तांबूस कचरा हातांनी वेचून त्यावर घेतला. ट्रॉलीपाशी येऊन त्याने नव्या गादीचे टाके तोडले. निम्मा स्वच्छ कापूस बाहेर काढला आणि त्या जागी कचरा भरला. भरताना त्याने मान वर केली नाही. टाके मात्र नेहमीसारखेच घातले, सारख्या अंतरावर, ओळीत. उभ्या आयुष्यात जे केले नव्हते, ते त्याने आपल्या अंगणात, दिवसाउजेडी, बायकोसमोर आणि बातमीदारासमोर केले.

कुत्री आली. फाळक्यावर पाय ठेवून वर चढली, बराच वेळ हुंगत राहिली, दोनदा स्वतःभोवती फिरली आणि बसली.

चाची फाळका लावून आत गेली. चाचा ट्रॅक्टरवर चढला आणि मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, “हे पेपरात नोको देऊ, भाऊ. चाचा गादीत कचरा भरते म्हनतीन लोक.”

“देऊन टाक रे!” ताडपत्रीतून चाचीचा आवाज आला. “गिऱ्हाईक खुश हाये म्हनून लिहिजो!”

ट्रॅक्टर गोंडपिपरीच्या रस्त्याला लागला. मी वळणापर्यंत पाहत होतो. कुत्रीने मान उचलली नाही.