फारोफाच्या कानावरचा फोड

निवाल्दा कुत्र्याचं रक्त घेण्याआधी त्याचं नाव विचारते. मालक नाव सांगेपर्यंत ती सुई पेटीतून काढत नाही. मग त्या नावाने हाक मारून कान दोन बोटांत धरते, गरम होईपर्यंत चोळते आणि कडेला हलकेच टोचते. थेंब टिपकागदावर उतरला की काम संपलं. कुत्री सहसा ओरडत नाहीत. माणसं ओरडतात.

ब्राझीलच्या किनाऱ्यामागच्या डोंगरांत, कॉफीच्या मळ्यांच्या मुलखात, नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात तिची हयात या कामात गेली. रक्तात दोष निघाला की सुई देऊन मारण्यासाठी कुत्रा न्यायलाही तीच येते. गाडी पांढरी, मागे पिंजरा. गाडीवर काही लिहिलेलं नाही, पण वळणावर तिचा आवाज आला की लोक कुत्री केळीच्या बागेत लपवतात, मेहुण्याकडे धाडतात, नाहीतर सरळ सांगतात, मेला. एका घरी असा मेलेला कुत्रा आतल्या खोलीत भुंकत होता. निवाल्दा दारातूनच म्हणाली, "मेलाय ना? मग त्याला म्हणावं, जरा हळू." त्या घरची बाई आधी हसली, मग रडली. कुत्रा गेलाच.

कारण कालाझार. आपल्याकडचा काळा आजार तो हाच, नावही तिकडे आपल्याकडूनच गेलेलं. बारीक वाळूमाशी आजारी कुत्र्याला चावते आणि मग पाळण्यातल्या पोराला. पोराचं पोट फुगतं, ताप हटत नाही, आणि उशीर झाला तर पोर हातचं जातं. खालच्या खोऱ्यात, जिथे उघडे काळे खडक तापतात, तिथे निवाल्दाने अशी पोरं पाहिली होती. म्हणून कुत्री न्यायला ती कधी चुकली नाही.

वरच्या डोंगरात ओरेस्ते फाल्केतोच्या कुत्र्याचा निकाल आला, तेव्हा मात्र तिने गाडी ओढ्याजवळ ठेवली आणि चढण पायी चढली. ओरेस्ते तिच्या मुलीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या पाण्याजवळ त्याने पोरीला हातात धरलं होतं. तेव्हापासून तो हिला कोमाद्रे म्हणायचा आणि ही त्याला कोम्पाद्रे. सख्ख्या भावापेक्षा हे नातं तिथे जड असतं.

म्हातारा अंगणात वाळत घातलेली कॉफी दाताळ्याने परतत होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं शहरात. मागे मागे फारोफा. भाजलेल्या कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, भरड पिठाला फारोफा म्हणतात. कुत्र्याचा रंग तसाच.

"कोमाद्रे, चालत आलीस," ओरेस्ते वर न बघता म्हणाला. "म्हणजे बातमी वाईट आहे."

"गाडीचा क्लच गेलाय, कोम्पाद्रे."

"क्लच गेला की चढणीवर आवाज येतो. इथून मला सगळं ऐकू येतं. बोल."

तिने सांगितलं. ओरेस्तेने दाताळं भिंतीला टेकवलं आणि कुत्र्याला जवळ ओढून त्याचा डावा कान उलटा केला. कडेला रुपयाएवढा गोल फोड होता. काठ उचललेले, मध्ये लाल खड्डा.

"हा कालाझार? कालाझारचा कुत्रा वाळतो, केस झडतात, नखं वाढतात. हा बघ. माझ्याहून जाड आहे."

फोड निवाल्दाच्या ओळखीचा होता. तसाच फोड लहानपणी तिच्या नडगीवर होता. वण अजून आहे. डोंगरातल्या लोकांना तो होतो, त्याला रानटी फोड म्हणतात. कालाझारचा परजीवी लीशमानिया; याचं कारणही तोच, पण दुसऱ्या जातीचा.

"यांचं मोठं घराणं आहे, कोम्पाद्रे," ती म्हणाली. "एक आत शिरतो, प्लीहेत, यकृतात. तो पोरं मारतो. दुसरा कातडीवर राहतो. तो रानातल्या उंदरा-घुशींकडून येतो. माशी तुम्हाला चावते तशी कुत्र्याला चावते. त्यात कुत्र्याचा दोष काही नाही, आणि कुत्रा मारून तो कमीही होत नाही."

"मग माझ्या फारोफात कोणता?"

"रक्ताच्या चाचणीला आडनाव कळतं. नाव कळत नाही."

ओरेस्तेने कुत्र्याचा कान पुन्हा सरळ केला. मग म्हणाला, "आणि पिंताडा? तिच्यात कोणता होता?"

पिंताडा त्याची आधीची कुत्री. तिला निवाल्दानेच नेलं होतं.

"बघितलं नव्हतं कोणी," ती म्हणाली.

"तू नेलीस."

"मी नेली."

त्याने दाताळं उचललं आणि कॉफी परतायला लागला.

खात्याचे पशुवैद्य डॉक्टर एवान्द्रो भला माणूस, निवाल्दाला आदराने दोना, म्हणजे बाई म्हणणारा. निवाल्दाने फोडाबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "राजधानीतल्या विद्यापीठाला असेच नमुने हवे आहेत. वरच्या डोंगरातली कानाला फोड असलेली कुत्री. जात ठरवून देतील. कातडीवाला निघाला तर मी सही करून कुत्रा सोडतो. पण नियम आहे, दोना निवाल्दा. महिनाअखेरपर्यंत काहीच हाती आलं नाही तर गाडी पाठवावी लागेल. आणि गाडी तुम्हीच चालवता."

जात ओळखणं बोलायला सोपं. दोन्ही जाती सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात, बारीक लंबगोल ठिपके. त्यांना वेगळं करायचं तर फोडातून जिवंत काढावं लागतं, सशाच्या रक्तावर तयार केलेल्या खाद्यात वाढवावं लागतं, आणि पुरेसे झाले की फोडून त्यांच्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, तपासावी लागतात. विकरांचे पट्टे जातीप्रमाणे वेगवेगळ्या जागी उमटतात. मेलेला परजीवी वाढत नाही. तो जिवंतच हवा.

विद्यापीठातून देनिझे नावाची संशोधक येणार ठरलं. निवाल्दाने रीतीप्रमाणे आधी निरोप पाठवला: गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाई येताहेत. त्या डोंगरात न कळवता कोणी कोणाकडे जात नाही. कळवलं की घर झाडलं जातं, मक्याचा केक होतो, यजमान दाढी करतो.

गुरुवारी सगळं तसंच होतं. केक गरम होता. ओरेस्तेने इस्त्रीचा सदरा घातला होता. फारोफाला साबणाने आंघोळ घातलेली, कान लखलखीत. देनिझेने फोडाच्या काठाचा कण कापून घेतला, नळीत सोडला, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि गेली. निवाल्दा खूश होती.

पंधरवड्याने देनिझेचा फोन आला. नळीत काही नाही. एकही हलत नाही. "दोना निवाल्दा, कोणी त्यावर काही लावलं होतं का?"

निवाल्दाने फोन ठेवला आणि तिला आठवलं. क्रेओलिना. आपल्या फिनेलच्या जातीचं ते काळं औषध तिथे गोठ्यात, डुकरांच्या आवारात, गुरांच्या जखमेवर, सगळीकडे वापरतात. त्या दिवशी अंगणाला त्याचा वास येत होता. देनिझेला वाटलं, गोठ्याचा. निवाल्दाला काहीच वाटलं नाही, कारण त्या वासाशिवायचं घर तिने पाहिलेलंच नव्हतं.

ती वर गेली. "कोम्पाद्रे, गुरुवारी कानाला काय लावलंत?"

"काय म्हणजे? नीट धुतला, क्रेओलिना लावलं. दोनदा." तो चिडला. "राजधानीतून बाई येणार आणि माझा कुत्रा घाणेरडा कान घेऊन समोर उभा राहणार? तुमच्या नगरपालिकेत चालत असेल."

"त्या औषधाने फोडातले सगळे मेले."

"मेले तर चांगलंच की! मग आजार कुठे राहिला?"

"वरचे मेले. आतले आहेत. आणि आपल्याला जिवंत हवेत, ओळखायला." तिचा आवाज चढला होता. "तुम्ही स्वच्छतेने कुत्रा मारताय, कोम्पाद्रे. आणि निरोप पाठवून मी मदत केली तुम्हाला."

म्हातारा पायरीवर बसला. फारोफाने त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली.

"काय करू सांग."

"काही करू नका. धुवायचं नाही, लावायचं नाही. माशा बसल्या तर हाकला. आम्ही पुन्हा येऊ."

"कधी?"

"सांगणार नाही."

"न सांगता दोघंच येतात. भुतं आणि करवाले."

"मग आम्हाला त्यांच्यात धरा."

मग एका सकाळी निवाल्दा आणि देनिझे न कळवता पोचल्या तेव्हा ओरेस्ते बनियनवर होता, दाढी वाढलेली, चुलीवर कालचीच कॉफी. त्याने दारातच हात आडवा धरला. "केक नाही. बसायला सांगत नाही." पण फारोफाला त्याने स्वतःच बाहेर आणलं. कुत्र्याच्या डोक्यावरून एक जुना लोकरी मोजा ओढलेला होता, नाकाच्या बाजूने कापलेला. माशा कानावर बसू नयेत म्हणून. मोजा काढला तेव्हा फोड ओला होता, कडेला पिवळट खपली. वास येत होता. ओरेस्ते तोंड फिरवून म्हणाला, "बघा, शोभा."

"शोभा नाही, दागिना आहे," देनिझे म्हणाली. तिने मिठाच्या पाण्याने कड पुसली, बधिर केली आणि खालच्या काठाचा कण घेतला. म्हाताऱ्याने कुत्र्याचं डोकं छातीशी दाबून धरलं होतं. काम झाल्यावर त्याने कालची कॉफी गरम केली आणि चीज कापून दिलं. बसायला मात्र सांगितलं नाही. तिघं उभ्यानेच प्यायली.

या खेपेला नळीत काहीतरी पोहायला लागलं. फोनवर देनिझे म्हणाली, माशांच्या पिल्लांसारखे झुंडीने. तेवढ्यावर एवान्द्रोंनी मुदत वाढवली. मग पट्टे आले. शेजारी ओळखीच्या दोन्ही जातींचे पट्टे ठेवून जुळवले. कुत्र्यांना आतून खाणारा, पोरं मारणारा इन्फान्टम नव्हता. कातडीवरचा होता, लीशमानिया ब्राझिलिएन्सिस.

निवाल्दाने गाडी थेट अंगणात नेली.

"कातडीवाला," ती म्हणाली. "सही झाली. फारोफा इथेच राहतो."

ओरेस्तेने टोपी काढली, पुन्हा घातली. "बरा होईल?"

"माहीत नाही. माणसांचं औषध त्याला देता येत नाही, बंदी आहे. कदाचित आपोआप भरेल. कदाचित पुन्हा फुटेल. आणि तुम्ही संध्याकाळी केळीत जाताना लांब बाह्यांचा सदरा घाला. त्याला चावणारी माशी तुम्हालाही चावते."

"म्हणजे आम्ही दोघं एकाच बाजूचे."

"हो."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्यानंतर निवाल्दा निकाल घेऊन ज्या दारात गेली तिथे एकच प्रश्न: आमच्यात कोणता? एवान्द्रो वैतागले. सगळ्यांचे नमुने पाठवणं शक्य नव्हतं. शेवटी ठरलं, शंका येईल त्यांचे पाठवायचे.

खालच्या खोऱ्यात लेनिरा नावाची बाई खडकाच्या खाणीवर स्वयंपाक करायची. तिच्या काळ्या कुत्रीच्या कानाला फोड होता, पण ती वाळतही होती. निवाल्दाने नमुना पाठवायला लावला. उत्तर यायचं होतं ते आलं. इन्फान्टम.

"नक्की?" लेनिराने विचारलं.

"नक्की. वाढवून बघितलाय."

लेनिराचं धाकटं पोर उंबऱ्यात रांगत होतं. तिने त्याला उचलून शेजारणीकडे दिलं, कुत्रीला स्वतः कडेवर घेतलं, पिंजऱ्याकडे न जाता गाडीचं पुढचं दार उघडलं आणि चालकाशेजारी बसली.

"मागे नको. मी येते बरोबर."

नियमात ते बसत नव्हतं. निवाल्दाने गाडी सुरू केली. रस्ता कच्चा होता.

"वर त्या म्हाताऱ्याचा सुटला म्हणे," लेनिरा म्हणाली.

"सुटला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि धूळ आत यायला लागली तशी कुत्रीच्या डोळ्यांवर हात धरला.