बर्फाचा हंस

मुलांनो, काल एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये फळांच्या टेबलावर बर्फात कोरलेला हंस ठेवला होता. मान इतकी नाजूक, की बघताना श्वास रोखावा. तुमची आत्याआजी म्हणाली, "वहिनी, फोटो काढून घ्या. जेवणं होईपर्यंत याचं बदक होईल!"

मी हसले, पंखाला हात लावला, आणि तो गारवा ओळखीचा निघाला.

आजोबा गेले तेव्हा तुमचा बाबा तिकडे परदेशात होता. तो पोहोचेपर्यंत त्यांना बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं. मी खालचं पाणी पुसत होते आणि बर्फाला मनोमन विनवत होते, अजून थोडा थांब.

बाबा आला. त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "आई, किती गार पडलेत गं."

मी उठले आणि आतून त्यांची शाल घेऊन आले.