भिंतीवरची फरशी

२००६ च्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे अमेरिकेत हर्नडनला आले, तेव्हा आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. नागपूरला तिचे अंत्यविधी झाले, त्याला मी नव्हतो. माझ्या एच-वन व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं. वकील म्हणाला होता, देशाबाहेर पडलास तर परत यायच्या स्टॅम्पिंगला किती महिने लागतील सांगता येत नाही. नोकरी जाईल म्हणून मी घाबरलो, हे आता कबूल करतो. तेव्हा मात्र भेटेल त्याला ‘जाता आलं नाही’ असं सांगत सुटलो होतो. बाबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांनी एकदा मला चांगलं झापावं, म्हणजे मी मोकळा होईन, याची मी वाट पाहत होतो. त्याऐवजी ते रोज माझी भांडी घासून ठेवत.

एका शनिवारी मी म्हणालो, म्युझियममध्ये जुनं मोझॅक बघायला जाऊ. बाबा जन्मभर बांधकाम खात्यात ओव्हरसियर. ते म्हणाले, मोझॅक तर आपल्या घरभर आहे, त्यासाठी पेट्रोल कशाला जाळायचं? त्यांच्या डोळ्यांपुढे आमच्या घरातली ठिपक्यांची, मशीनने पॉलिश केलेली फरशी होती. आई ती दिवसातून दोनदा पुसायची.

वाटेत वॉशिंग्टनमधल्या एका मठात थांबलो. बायबलमधल्या पवित्र जागांच्या प्रतिकृती तिथे बांधल्या आहेत. बेथलेहेमची गुहा आहे, येशूची रिकामी कबर आहे. ज्यांना तिकडे जाणं जमत नाही त्यांची सोय. कबरीत वाकून शिरावं लागलं. बाबांनी हात जोडले आणि खरी कबर कुठे ते विचारलं. जेरुसलेमला, मी म्हणालो.

‘म्हणजे हे लोक इथूनच उरकतात,’ ते म्हणाले. ते सहज बोलले असतील, पण मला झोंबलं.

म्युझियममध्ये बायझंटाइन काळातल्या एका चर्चची जमीन उखडून आणून भिंतीवर उभी लावली होती. नखाएवढे रंगीत दगड, त्यांतून झालेला मोर, द्राक्षाचा वेल, खाली ग्रीक अक्षरांची ओळ. बाबा सांधे बघायला इतके पुढे गेले की गार्डने त्यांना मागे व्हायला सांगितलं. मी शेजारची पाटी वाचून दाखवली. कोणीतरी आपल्या आईच्या स्मरणार्थ ही जमीन करून दिली होती, पण देणाऱ्याचं नाव असलेला तुकडा फुटून गेला होता.

‘अरे, ही तर स्मरणार्थ फरशी,’ बाबा म्हणाले. मग ती भिंतीवर का लावली याचा त्यांना राग आला. अशी फरशी देवळाच्या दारात बसवतात, येणाऱ्याजाणाऱ्यांची पायधूळ त्या नावावर पडावी म्हणून. आईच्या नावाची त्यांनीही आमच्या कॉलनीतल्या देवळात बसवली होती. मला हे माहीतच नव्हतं.

खाली काय घातलंय, मी विचारलं. ‘पती व मुलगा’ असं घालण्याची पद्धत असते.

‘पती व पुतण्या,’ ते म्हणाले. ‘अग्नी त्याने दिला ना.’

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला तिथेच, त्या अनोळखी माणसांत, रडू यायला लागलं. मी म्हणालो, ‘बाबा, मला खरंच जाता आलं नाही.’

मोरावरची नजर न काढता ते म्हणाले, ‘जाता नाही रे. येता. घरी माणूस येतो.’

परतताना हायवेवर ट्रॅफिक तुंबला होता. मग बाबा म्हणाले, तुझ्याकडे पोचलो की खिचडी टाकतो. आल्यापासून ते ‘घरी’ न म्हणता ‘तुझ्याकडे’च म्हणत होते. मीच आजवर ऐकलं नव्हतं.